हिरोकडून काय उचलायचं आणि काय पडद्यावरच सोडायचं

हिरो मुलीच्या मागे मागे फिरतो, कॉलेजच्या गेटवर ठाण मांडतो, भर चौकात गाणं म्हणतो आणि मध्यंतराच्या आत ती हसते. ती हसते कारण पटकथेत तसं लिहिलेलं असतं. नाशिकच्या कॉलेज रोडवर पटकथा कोणी लिहून ठेवलेली नसते. तिथे हाच प्रकार केला की मुलगी रस्ता बदलते, स्कार्फ आणखी घट्ट करते, नाहीतर भावाला फोन लावते. तरीही सिनेमा टाकाऊ नाही. मुलीशी बोलायचं कसं, नकार पचवायचा कसा, राग आवरायचा कसा हे घरात कोणी शिकवत नाही, शाळेत तर नाहीच. बहुतेक पोरांची शिकवणी थिएटरात आणि मोबाइलवरच होते. मग ती निदान नीट करावी.

आवाज बंद करून पाहा

आधी पाहिलेला, आवडता प्रेमाचा सिनेमा घ्या. नवा नको, कारण गोष्टीत गुंतलात की बाकी काही दिसत नाही. नायक-नायिकेच्या सुरुवातीच्या भेटींची दोन-तीन दृश्यं निवडा, प्रत्येक तीन-चार मिनिटांचं. प्रत्येक दृश्य तीनदा पाहायचं: एकदा नेहमीसारखं, एकदा आवाज पूर्ण बंद करून, आणि एकदा नायकाकडे ढुंकूनही न बघता फक्त तिच्या चेहऱ्याकडे.

दुसऱ्या खेपेलाच बऱ्याच गोष्टी उघड्या पडतात. आपल्याला जे गोड वाटलं होतं ते पार्श्वसंगीतामुळे गोड होतं. बासरी काढून घेतली की एक मुलगा एका मुलीची वाट अडवून उभा आहे, एवढंच उरतं. दुसरी करामत संकलनाची. तो काहीतरी बोलतो आणि तिचं उत्तर यायच्या आत दृश्य तोडलेलं असतं, म्हणजे तिचा होकार आपणच मनात भरतो. तिसरी करामत गाण्याची. पाच मिनिटांच्या गाण्यात सहा महिने उरकतात. त्या सहा महिन्यांत दोघं काय बोलले, ती केव्हा वैतागली, त्यानं केव्हा माफी मागितली, हे सगळं गाळलेलं. नेमकं तेच तुम्हाला शिकायचं असतं.

तिसऱ्या खेपेला वही जवळ ठेवा आणि चार प्रश्नांची उत्तरं लिहा. त्यानं तिला विचारलं का? तिला तिथून सहज निघता आलं असतं का? ती शब्दांत किंवा अंगानं काय म्हणाली? आणि तिनं नाही म्हटल्यावर पुढच्या मिनिटात त्यानं काय केलं? चौथं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. होकार मिळाल्यावर सगळेच सज्जन असतात.

आता ही पट्टी लावून बघा. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मध्ये (१९९५) युरोपातल्या रेल्वेत राज सिमरनच्या जवळ जवळ सरकतो, तिची अंतर्वस्त्रं हातात धरून चेष्टा करतो. आवाज बंद केल्यावर तिचा चेहरा बघा: ती पुस्तकाआड लपते आहे. शाहरुखच्या हसण्यानं ते खपून गेलं. सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) ते नाशिकरोड बसमध्ये कोणी तसं केलं तर कंडक्टर बस थांबवेल, आणि थांबवायलाच हवी. ‘कबीर सिंग’मध्ये (२०१९) कबीर कॉलेजात जाहीरच करून टाकतो की ही पोरगी आपली, आणि न विचारता तिच्या गालाचं चुंबन घेतो. सुरुवातीच्या भागात प्रीती एकूण किती वाक्यं बोलते ते मोजून बघा. हाताच्या बोटांवर मावतील. जिला काय हवंय हे सिनेमानं एकदाही विचारलेलं नाही, तिच्या वतीनं आपण शिट्ट्या मारत असतो. ‘रांझणा’तला (२०१३) कुंदन, झोया ऐकत नाही म्हणून, मनगट कापून घेतो आणि ती विरघळते. झोया तेव्हा शाळकरी मुलगी आहे, हे पहिल्यांदा पाहताना बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

पाण्याच्या टाकीवर चढणं

‘शोले’तला (१९७५) वीरू दारू पिऊन टाकीवर चढतो आणि मौसी बसंतीशी लग्न लावून द्यायला तयार झाली नाही तर जीव देतो म्हणतो. अख्खं गाव हसतं, आपणही हसतो. विनोदी प्रसंग म्हणून तो झकास आहे. पण त्याची घरगुती आवृत्ती आजही रोज चालते: ‘तू बोलली नाहीस तर मी काहीतरी करून घेईन’, हातावर ब्लेडनं नाव, रात्री दोनला चाळीस मिस्ड कॉल. या सगळ्याचा अर्थ एकच होतो की तुझ्या नकाराची जबाबदारी मी तुझ्यावर टाकतोय. भीतीपोटी मिळालेला होकार पहिली संधी मिळताच निसटतो, आणि तोवर ती तुम्हाला घाबरत असते. आणि जीव द्यावा असं खरंच वाटत असेल तर ते तिच्याकडे नेण्याचं काम नव्हे. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

कायद्याचंही एकदा स्पष्ट समजून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचं कलम ७८ पाठलागाबद्दल आहे. मुलीनं रस नसल्याचं दाखवल्यावरही तिच्या मागे जाणं, पुन्हा पुन्हा संपर्क करणं, तिच्या इंटरनेटवरच्या वावरावर पाळत ठेवणं, हे सगळं त्यात येतं. पहिल्यांदा दोषी ठरलात तर तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा ठरलात तर पाच वर्षांपर्यंत कैद. खोट्या अकाउंटवरून तिच्या स्टोऱ्या बघत बसणारांनी हे वाचून ठेवावं. आणि मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल तर शरीरसंबंधाला तिच्या ‘हो’ला कायद्यात किंमत नाही, मग तुमचं वय २० असो की ३०.

उचलण्यासारखं काय आहे

त्याच राजकडे परत या. पंजाबात आल्यावर तो स्वयंपाकघरात बायकांमध्ये बसून कामाला हात लावतो, घरातल्या आत्याला साडी निवडायला मदत करतो, सिमरनचा करवा चौथ म्हणून स्वतःही उपाशी राहतो. ही दृश्यं आवाज बंद करून पाहिली तरी टिकतात, हीच त्यांची परीक्षा. मदत म्हणजे ‘काही लागलं तर सांग’ नव्हे. समोर भाजी निवडायची पडली असेल तर ती ओढून घेणं, ही मदत. होणाऱ्या सासूला खूश करण्यापुरती नको, स्वतःच्या आईच्या ओट्यापाशी आधी सराव करा.

‘बिफोर सनराइज’मध्ये (१९९५) जेसी रेल्वेत भेटलेल्या सेलीनला व्हिएन्नाला उतरायला सांगतो. विचारण्याची पद्धत बारकाईनं ऐका. तो आधी कारण सांगतो, ते गमतीनं सांगतो, आणि वर म्हणतो की मी विक्षिप्त निघालो तर तू सरळ पुढची गाडी पकड. म्हणजे बोलावणं आणि निघून जायची वाट, दोन्ही एकाच दमात. हे सूत्र पुढे मेसेजमध्ये वापरायचंय. नंतरचा सगळा सिनेमा म्हणजे दोघांच्या गप्पा. आपल्याकडे ‘मुंबई-पुणे-मुंबई’नं (२०१०) तेच केलं: एक दिवस, एक शहर, दोन माणसं, भांडत भांडत बोलणं. त्यात मुलगा मुलीचं प्रत्येक म्हणणं खोडत असला तरी ऐकून खोडतो. तिनं तासाभरापूर्वी काय सांगितलं ते लक्षात ठेवून त्यावर बोलता येणं, हे कुठल्याही परफ्यूमपेक्षा जास्त काम करतं.

‘मसान’मधला (२०१५) दीपक बनारसच्या घाटावर प्रेतं जाळणाऱ्या डोम कुटुंबातला. शालू पुन्हा पुन्हा विचारते, तुझं घर कुठे? तो टाळत राहतो आणि एक दिवस चिडून सगळं ओकतो. खरं सांगितलं हे बरोबर, पण रागानं सांगितल्यामुळे तिला वाटतं आपलंच काही चुकलं. जात, घरची परिस्थिती, कर्ज, आधीचं मोडलेलं लग्न, सुटलेली नोकरी, हे तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत शांतपणे बोलून टाका. ‘फँड्री’तला जब्या वर्गातल्या शालूवर (ही शालू वेगळी) जीव टाकतो, काळी चिमणी जाळून तिची राख टाकली की ती वश होईल म्हणून रानोमाळ हिंडतो, पण तिच्याशी बोलत मात्र नाही. त्याचं वय आणि गावगाडा बघता त्याला दोष देता येत नाही. पंचविशीतला इंजिनिअर जेव्हा वर्षभर तिच्या स्टोऱ्यांना बदाम टाकत राहतो, तेव्हा तोही चिमणीच शोधत असतो.

विचारायचं कसं

ओळख असलेल्या मुलीला विचारा. रस्त्यात दिसलेली, दुकानात कामावर असलेली, जिचा नंबर तुमच्याकडे फक्त ऑफिस ग्रुपमधून आलाय, तिला नको. दुकानातली तर पोटासाठी हसून बोलत असते. ते हसू हिशेबात धरू नका.

मेसेज असा: ‘शनिवारी सकाळी दहाला कॉलेज रोडला मिसळ खायला येशील का? तासाभराचं काम. जमत नसेल किंवा नको वाटत असेल तर बिनधास्त सांग.’ यात दिवस आहे, वेळ आहे, जागा आहे, संपायची वेळ आहे आणि नाही म्हणायची सोय आहे. यातलं काहीही गाळलं की गाडी अडते. ‘कधीतरी भेटू’ला ती ‘हो कधीतरी’ म्हणते आणि विषय तिथेच संपतो. संपायची वेळ नसली की घरी काय सांगायचं हा तिचा प्रश्न उभा राहतो. पहाटेचं ‘गुड मॉर्निंग’ गुलाबाच्या फोटोसकट आणि रोज रात्रीचं ‘जेवलीस का?’ याला विचारणं म्हणत नाहीत.

उत्तर वाचायला शिका. ‘या शनिवारी सबमिशन आहे, पुढच्या रविवारी चालेल का?’ हा होकार आहे, कारण तिनं दुसरा दिवस दिला. ‘बघते’, ‘घरी विचारावं लागेल’, ‘सध्या खूप गडबड आहे’ आणि पुढे शांतता, हा नकार आहे. आपल्याकडे मुलींना तोंडावर ‘नाही’ म्हणायची सवय लागू दिली जात नाही, कधी कधी त्याचा त्रासही होतो, म्हणून नकार असा गुंडाळून येतो. आठवड्यानंतर फार तर एकदा विचारा. तिसऱ्यांदा विचारू नका.

मिसळ सकाळी, सिनेमा नंतर

नाशकात पहिल्या भेटीला मिसळीइतकी सोयीची गोष्ट नाही. उजेड असतो, आजूबाजूला माणसं असतात, तासाभरात उरकतं, दोघांचं बिल खिशाला जड होत नाही. फक्त रविवारी जाऊ नका. मिसळीच्या नावाजलेल्या ठिकाणी रविवारी सकाळी नंबर लावून उभं राहावं लागतं आणि मागे लोक तुमच्या उठण्याची वाट बघत असतात. शहराबाहेरच्या मळ्यातल्या मिसळीही पहिल्या खेपेला टाळा. छान असतात, पण तिथून परत यायला ती तुमच्या गाडीवर अवलंबून राहते. पांढरा शर्ट घालायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, तर्री कोणाचीच भीड ठेवत नाही.

जागा तिला निवडू द्या, त्यालाही कारण आहे. नाशिक वाढलंय, पण अजून कॉलेज रोडला उभं राहिलं की कोणाचा तरी मामा स्कूटरवरून जातोच. तुम्ही दिसलात तर मित्र टाळी देतात. ती दिसली तर तिचं घराबाहेर पडणं बंद होतं. म्हणून ती पंचवटीतली असेल तर रामकुंडाचा आग्रह धरू नका, आणि सिडकोतली असेल तर उंटवाडीचा. सोमेश्वरच्या मागची निवांत बाजू, गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, वायनरी या जागा पहिल्या दोन-तीन भेटींसाठी नाहीत. एकांत, अंतर आणि दारू यातली एकही गोष्ट त्या टप्प्यावर मुलीला निर्धास्त करत नाही. दुसऱ्या भेटीला कुसुमाग्रज स्मारक चांगलं, गोदापार्क चांगला. पांडवलेण्याच्या पायऱ्या सकाळी चढायच्या असतील तर आदल्या दिवशी सांगा, म्हणजे ती चपला बघून घालेल.

सिनेमा पहिल्या भेटीला नकोच. अडीच तास अंधारात शेजारी बसून एकमेकांबद्दल काही कळत नाही. तिसऱ्या भेटीला जा. दुपारी बाराचा किंवा तीनचा खेळ, म्हणजे अंधाराच्या आत घरी. तिकिटं मधल्या रांगेत, वाटेच्या कडेची. शेवटच्या रांगेतला कोपरा काढलात की तुमच्या मनात काय आहे हे तिनं तिकिटावरच वाचलेलं असतं. कुठला सिनेमा हे दोघांनी ठरवा, आणि त्यात मारझोड किंवा अत्याचाराची दृश्यं असतील तर आधी सांगा. हात धरावासा वाटला तर हळूच विचारा. विचारल्यानं गंमत जाते ही अफवा सिनेमानंच पसरवली आहे. खेळ संपल्यावर अर्धा तास चहाला ठेवा आणि तिला विचारा: तुला तो हिरो कुठे खोटा वाटला? तू तिच्या जागी असतीस तर काय केलं असतंस? उत्तरात ती तुम्हाला सांगून जाते की तिच्याशी कसं वागायचं. मध्ये तोंड घालू नका.

पैशाचं साधं आहे. बोलावलं त्यानं द्यावं. ती अर्धे देते म्हणाली तर एकदा ‘राहू दे’ म्हणा, दुसऱ्यांदा म्हणाली तर घ्या. बिल दिल्याच्या बदल्यात काहीही येणं होत नसतं. परतीला रिक्षा की सिटीलिंकची बस की तिची स्कूटी, हे तिनं ठरवावं. घराच्या कोपऱ्यापर्यंत सोडतो म्हणून अडून बसू नका, पत्ता कळू नये असं तिला वाटत असेल. पोचल्याचा मेसेज आला की ‘बरं झालं’ म्हणा आणि झोपा.

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमालाही यातलं बरंच लागू पडतं. गच्चीवर किंवा आतल्या खोलीत जी दहा मिनिटं मिळतात, त्यात ‘स्वयंपाक येतो का’ विचारून स्वतःचा पोपट करून घेऊ नका. तिला इथे यायचं होतं का, नोकरीचं काय ठरलंय, लग्नानंतर आई-वडिलांसोबत राहण्याबद्दल तिला काय वाटतं, एवढं विचारा आणि स्वतःचीही उत्तरं द्या. पहिल्या प्रश्नाला ती गप्प राहिली तर घरी जाऊन नकार तुम्ही द्या. तिच्यावर ढकलू नका.

हात उठतो तेव्हा

‘थप्पड’मध्ये (२०२०) विक्रम ऑफिसचा राग पार्टीत बायकोवर काढतो. एकच थप्पड. दुसऱ्या दिवशीपासून तो आपल्यावर किती अन्याय झाला हेच सांगत बसतो. ‘सैराट’मध्ये (२०१६) हैदराबादेत आर्ची कामाला जायला लागते आणि परश्याला संशयाचा किडा चावतो. ज्यानं तिच्यासाठी गाव सोडलं, तोच हात उचलतो. चांगल्या मुलाकडूनही हे होतं, हे नागराज मंजुळेंनी लपवलं नाही. म्हणूनच तो भाग पुन्हा पाहावा. गाण्यांसाठी सिनेमा पाच वेळा पाहिलेल्यांना हैदराबाद आठवत नाही.

संशय आला तर फोन तपासू नका, पासवर्ड मागू नका. एक वाक्य बोला: ‘तू त्याच्याशी बोललीस की मला भीती वाटते, चूक माझ्या डोक्यात असेल, पण सांगतोय.’ आवाज चढायला लागला की ‘मी अर्ध्या तासानं परत येतो’ असं सांगून खरंच बाहेर पडा, आणि खरंच परत या. न सांगता निघून जाणं ही शिक्षा होते. माफी मागताना ‘पण’ आला की माफी संपली. मारहाण एकदा जरी झाली तरी समुपदेशकाकडे जायचं आणि ती सोडून गेली तर तो तिचा निर्णय, त्यावर अपील नाही.

मर्दानीपणाचं दुसरं माप

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांना तारामती करायला एकही बाई मिळाली नाही. ते काम केलं अण्णा साळुंके या हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या तरुणानं. पुढे १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये साळुंकेंनीच राम केला आणि सीताही. भारतीय सिनेमाचा पहिला स्टार म्हणावा तर हा माणूस, आणि पुरुषासारखं कसं दिसावं याची चिंता त्याच्या आड आली नाही. ‘नटरंग’मधला (२०१०) गुणा पैलवान गड्याच्या अंगाचा. तमाशासाठी कोणी नाच्या व्हायला तयार होईना म्हणून तो स्वतः उभा राहतो आणि त्याची भयंकर किंमत मोजतो. छाती फुगवून हिंडणाऱ्यांनी स्वतःला विचारावं, लोक हसतील हे ठाऊक असताना आपल्या आवडीची एक तरी गोष्ट आपण केलीय का?

याचा सराव मित्रांमध्ये करायचा. ‘दिल चाहता है’मध्ये (२००१) सिद्धार्थ वयानं मोठ्या ताराबद्दल मन उघडतो आणि आकाश घाणेरडा विनोद करतो. मैत्री तिथे तुटते. कट्ट्यावर कोणी ब्रेकअप झाल्याचं सांगितलं तर ‘सोड रे, दुसरी बघू’ म्हणू नका. ‘किती दिवस झाले? जेवलास का?’ विचारा. ज्याला मित्रापाशी रडता येतं तो सगळं ओझं एका मुलीच्या गळ्यात घालत नाही. ग्रुपवर तिचे फोटो आले, शेरे आले, की एकानं ‘डिलीट कर’ म्हणायचं. ते एक तुम्ही व्हा, बाकीचे दोन मिनिटं टिंगल करतील.

नकार आला तर

उत्तर एका ओळीचं: ‘ठीक आहे, स्पष्ट सांगितलंस बरं केलंस.’ त्यापुढे ‘पण का?’ नाही, कविता नाही, तिच्या मैत्रिणीकडून चौकशी नाही. महिनाभर तिच्या स्टोऱ्या म्यूट करा. ब्लॉक करून तमाशा करू नका. एकाच क्लासला किंवा सातपूरला एकाच शिफ्टला असाल तर भेटल्यावर मान हलवून नमस्कार करायचा आणि आपल्या कामाला लागायचं, बसायची जागा बदलायची असेल तर तुम्ही बदला. ‘देवदास’ त्या महिन्यात पाहू नका. ‘अशी ही बनवाबनवी’ लावा, तेही मित्रांसोबत, रिकाम्या खोलीत एकट्यानं नको.